आधीं माणसें, मागाहून सैन्य

ज्या घरांत १९७१ सालचीं पत्रें जपून ठेवलेलीं असतील, तेथील पाकिटांवर नेहमींच्या तिकिटाशेजारीं पांच पैशांचें आणखी एक तिकीट दिसेल. त्यावर ‘रिफ्यूजी रिलीफ’ हे शब्द आहेत. १५ नोव्हेंबर १९७१ पासून सरकारनें टपालावर हा जादा आकार बसविला. आणि आरंभीं निराळें तिकीट हातीं नसल्यामुळें नाशिकच्या छापखान्यांत कुटुंबनियोजनाच्या तिकिटावरच तीं अक्षरें उमटविण्यांत आलीं. लहान कुटुंबाचा उपदेश करणाऱ्या तिकिटावर एक कोट निराधारांचा भार पडावा, हा योगायोग विलक्षण खरा! महाराष्ट्रांतील अनेक घरांना पूर्व सरहद्दीवरील त्या संकटाचा स्पर्श झाला तो एवढाच.

२५ मार्च १९७१ च्या रात्रीं पाकिस्तानी लष्करानें ढाक्यांतील नागरिकांवर शस्त्र उपसलें. एप्रिलपासून माणसांचा ओघ भारताच्या हद्दींत शिरूं लागला आणि १ डिसेंबरपर्यंत सरकारी नोंद ९८,९९,३०५ वर गेली. यांपैकीं ७२ लाखांहून अधिक एकट्या पश्चिम बंगालमध्यें होते. परंतु प्रमाण पाहिलें तर खरी कसोटी त्रिपुराची लागली. तेथील मूळ वस्ती साडेपंधरा लाख, आणि आलेले निर्वासित जवळजवळ चौदा लाख! तिन्ही बाजूंनीं पूर्व पाकिस्ताननें वेढलेला हा प्रदेश. आगगाडी उत्तरेकडील धर्मनगरला संपे आणि तेथून आगरताळ्यापर्यंत डोंगराळ सडक. निर्वासितांचा तांदूळ याच सडकेनें जावयाचा, आणि पुढें तोफा व दारूगोळाही याच सडकेनें.

सैन्यें सरहद्दीवर जमतात आणि त्या धास्तीनें रयत पळूं लागते, असा युद्धाच्या इतिहासाचा नेहमींचा क्रम. १९७१ मध्यें भारताच्या बाजूस तो उलटा झाला. माणसें आधीं आलीं; सैन्य मागाहून. सेनापति माणेकशा यांनीं पुढें सांगितलेल्या हकीकतीप्रमाणें, एप्रिलमध्येंच मंत्रिमंडळानें त्यांना चढाईविषयीं विचारलें होतें. त्यांनीं अडचणी मांडल्या : पावसाळ्यांत पूर्व बंगालच्या नद्या समुद्रासारख्या पसरतात, हिमालयांतील खिंडी खुल्या असतां चीनकडील फौज हलवितां येत नाहीं, आणि तयारीही अपुरी आहे. इंदिरा गांधींनीं तें मान्य केलें. (या प्रसंगाच्या तपशिलाविषयीं इतिहासकारांत मतभेद आहेत, प्रत्यक्षांत हिवाळ्यापर्यंत थांबलें गेलें, हें मात्र खरें.) लष्करी दृष्टीनें तें शहाणपणाचें होतें. पण सेनापतीच्या नकाशावर जे केवळ कांहीं महिने होते, त्यांतच तंबूंतल्या माणसाला बंगालचा अख्खा पावसाळा काढावयाचा होता.

कलकत्त्याजवळ सॉल्ट लेकच्या छावणींत तंबू पुरेनात, तेव्हां गटारांसाठीं आणलेल्या सिमेंटच्या मोठाल्या नळांत कुटुंबें राहिलीं. डोळ्यांची साथ पसरली, तिला शहरवासीयांनीं ‘जय बांगला’ असेंच नांव देऊन टाकलें. त्या थट्टेंत थोडी सहानुभूति असेल, पण वैतागही होताच. आणि मग पटकी आली.

जेसोरच्या मार्गावर, सरहद्दीलगत, बनगांव आहे. तेथील इस्पितळांत पटकीच्या रोग्यांसाठीं दोन खोल्या आणि सोळा खाटा होत्या. रोगी जमिनीवर पडलेले, डॉ. दिलीप महालनबीस यांना त्यांच्यापर्यंत पोहोंचण्यासाठीं विष्ठा व वांती यांतच गुडघे टेकावे लागत. शिरेंतून द्यावयाचें सलाईन संपत चाललें होतें. तेव्हां त्यांनीं एक धाडस केलें. २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा, या प्रमाणानें एक लिटर पाणी, असें द्रावण पिंपांत भरून ठेवलें, आणि रोग्याच्या आईच्या किंवा भावाच्याच हातीं पेला दिला. कलकत्त्याच्या संशोधनकेंद्रांत या भुकटीच्या पिशव्या भरल्या जात व त्यांचीं तोंडें गरम इस्त्रीनें बंद करीत. लिटरला खर्च सुमारें अकरा पैसे. उपाय नवा नव्हता. परंतु तो अशिक्षित माणसांच्या हातीं सोंपवावा कीं नाहीं, याविषयीं वैद्यकवर्गाला शंका होती. बनगांवला शंका घेण्यास सवडच नव्हती. जेथें शंभरांतले तीस रोगी दगावत होते, तेथें त्यांच्या तंबूंत चारांहूनही कमी दगावूं लागले.

ऑक्टोबरांत भारत व पाकिस्तान यांच्या फौजा पश्चिम सरहद्दीवरही समोरासमोर उभ्या राहिल्या. संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस ऊ थांट यांनीं मध्यस्थीची तयारी दर्शविली. फौजा मागें घ्याव्या, असें बाहेरच्या मुत्सद्द्यांचें म्हणणें. पण निर्वासितांना सुखरूप परततां येईल अशी स्थिति नसतां केवळ फौजा हलवून काय साधणार, हा भारताचा प्रश्न. त्यांत राजकारण नव्हतें असें नाहीं. मुक्तिवाहिनीला भारताची मदत चालूच होती. तरी प्रश्न खोटा नव्हता.

नोव्हेंबरच्या २०-२१ तारखांस, बनगांवपासून फार दूर नसलेल्या, सरहद्दीपलीकडील गरीबपूर येथें रणगाड्यांची लढाई झाली. ३ डिसेंबरला पाकिस्तानी विमानांनीं पश्चिमेकडील तळांवर हल्ले केले. १६ डिसेंबरला ढाक्यांत शरणागति. त्या तेरा दिवसांवर ग्रंथ पुष्कळ आहेत. आधींच्या आठ महिन्यांच्या वांट्याला त्यांत बहुधा एखादें प्रकरण येतें.

जानेवारी १९७२ अखेर साठ लाख माणसें घरीं परतलेलीं होतीं. २५ मार्च १९७२ रोजीं, म्हणजे त्या रात्रीनंतर बरोबर एक वर्षानें, मागें राहिलेल्यांचा सरकारी अंदाज अवघा साठ हजारांचा होता. छावण्या मोडल्या. पाकिटांवरचा पांच पैशांचा आकार मात्र १९७३ पर्यंत चालू राहिला.