तक्रारीआधीचा आधार

लैंगिक अत्याचार सोसलेल्या स्त्रीला सावरायला मदत करणाऱ्या कामाचा खर्च कोणी उचलायचा, हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ साली पुण्यात स्वतःच्या आवारात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. पुरुषाच्या भुलवणीतून गरोदर राहिलेल्या एका ब्राह्मण विधवेला अर्भकहत्येबद्दल काळ्या पाण्याची शिक्षा झाली, ते त्याचे तात्कालिक कारण. जोतीरावांनी १८८४ मध्ये सरकारकडे पाठवलेल्या टिपणानुसार तोवर ३५ विधवा तिथे बाळंत झाल्या होत्या आणि मुलांपैकी पाचच जगली होती. बाकीच्यांचा घात गर्भ लपवण्यासाठी आयांनी घेतलेल्या जहाल औषधांनी केला. त्या दारापर्यंत पोचण्याआधी या बायकांनी काय सोसले असेल, ते या आकड्यांतच आहे. गल्लीबोळांत लावलेल्या जाहिरातींनी त्यांना गुप्ततेचा शब्द दिला होता. आत येण्याआधी कोणत्याही कचेरीत काही शाबीत करून यायचे नव्हते, हे मला त्या कामाचे मर्म वाटते.

पुढे सरकारी पैसा आला तो मात्र शाबितीच्या वाटेनेच. देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात १९७२ साली एका आदिवासी मुलीवर झालेल्या बलात्काराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये पोलिसांना निर्दोष सोडले. वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर, उपेंद्र बक्षी आणि लोतिका सरकार यांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, देशभर चळवळ उभी राहिली आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. ही लढाई आवश्यकच होती. पण शासनाच्या मनात अत्याचार म्हणजे खटला हे समीकरण पक्के बसले. २०१३ ची मनोधैर्य योजना समुपदेशनाचा उल्लेख करते, तरी तिचे दार उघडते ते गुन्हा नोंदवल्यावर. अर्थसाहाय्याची कमाल मर्यादा २०१७ मध्ये दहा लाखांवर गेली, ते चांगलेच झाले. मात्र अत्याचार सोसलेल्या बहुसंख्य स्त्रिया कोणाकडेही मदत मागत नाहीत, असे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण सांगते. त्यांच्यापर्यंत ही रक्कम पोचणार कशी?

दुसरी वाट याच राज्यात तयार झाली आहे. टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबई पोलिसांच्या आवारात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. तिथे बसणारी समाजकार्यकर्ती पोलीस नव्हती. तो राज्य शासनाने आपला म्हणायला २००५ उजाडले, म्हणजे २१ वर्षे गेली. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० साली ‘सेहत’ ही संस्था आणि महापालिका यांनी ‘दिलासा’ केंद्र उभारले. विष घेतलेली, हाड मोडलेली बाई अपघात विभागात येते, तेव्हा तिच्याशी बोलणारे माणूस त्याच इमारतीत हवे, हा त्यामागचा साधा आणि फार शहाणा विचार. पोलिसांत जायचे की नाही, हे ती नंतर ठरवते. केंद्र रुग्णालयाच्या रोजच्या कारभारात मुरले आणि पुढे पालिकेच्या इतर रुग्णालयांतही गेले.

तक्रारीशिवाय सार्वजनिक पैसा दिला तर खोटे लाभार्थी येतील, अशी शंका घेतली जाते. रोख रकमेबाबत ती समजू शकते. पण समुपदेशकासमोर तासभर बसून, पुन्हा पुढच्या आठवड्यात येऊन कोणी काय लुबाडणार? दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: सरकारचा पगार घेणारी कार्यकर्ती सरकारी यंत्रणेविरुद्ध बोलेल का? देसाईगंजचे आरोपी पोलीसच होते, तेव्हा ही भीती पोकळ नाही. यावर उपाय म्हणजे पगार शासनाच्या तिजोरीतून आणि कामाची देखरेख बाहेरच्या संस्थेकडे, अशी विभागणी. देणगीदारांवर सगळे सोपवणे हा त्याला पर्याय नाही, कारण प्रकल्पाची मुदत संपली की कार्यकर्ती जाते आणि जिने मोठ्या मुश्किलीने तोंड उघडलेले असते तिला नव्या माणसापुढे सगळे पहिल्यापासून सांगावे लागते. म्हणून अंदाजपत्रकात नुकसानभरपाईच्या रकमेशेजारी या पदांच्या कायम वेतनासाठी स्वतंत्र तरतूद असायला हवी, आणि ती किती गुन्हे नोंदले गेले यावर कमीजास्त होता कामा नये.