फाटक्या आवाजाचा इतिहास

1962 मध्ये लंडनच्या हॅनवेल भागात जिम मार्शल यांच्या वाद्यांच्या दुकानात गिटारचे अ‍ॅम्प्लिफायर बनू लागले. नमुना होता अमेरिकेतल्या फेंडर बेसमनचा. आत आपल्या जुन्या रेडिओसारखे व्हॉल्व्ह. आवाज फार वाढवला की व्हॉल्व्हला तो पेलवत नसे. सुराच्या लाटेचे माथे चेपले जात आणि आवाज जाड, खरखरीत होई. 1966 मध्ये एरिक क्लॅप्टन यांनी जॉन मेयॉल यांच्यासोबतच्या रेकॉर्डवर लेस पॉल गिटार मार्शलला जोडून हाच ‘दोष’ मुद्दाम वाजवला. तोच पुढे रॉकचा सूर ठरला.

आपल्याकडे इलेक्ट्रिक गिटारची ओढ लावली ती 1971 च्या ‘हरे रामा हरे कृष्णा’मधल्या ‘दम मारो दम’ने. ती गिटार भूपिंदर सिंग यांची. गोंडपिपरीत आम्ही दोघे वर्गमित्र गॅदरिंगच्या लाउडस्पीकरला गिटार जोडून रॉकचा तो सूर शोधायचो. आवाज फाटला की गुरुजी ओरडायचे, ‘कमी करा रे!’

यंदा मेळाव्यासाठी मी 5 वॅटचा व्हॉल्व्ह अ‍ॅम्प घेतला. लहान अ‍ॅम्प कमी आवाजातच फाटतो, सभागृह हादरत नाही. व्हॉल्यूम जवळजवळ पूर्ण, मिडल आणि ट्रेबल मध्याच्या थोडे पुढे, बेस कमी; नाहीतर सूर गढूळ होतो. गिटारवरचे बटण जरा उतरवले की तोच आवाज स्वच्छ होतो.

सूर सापडला. तो ऐकायला माझा जोडीदार मात्र आता नाही. त्याच्या वाटचे आपण सगळे ऐकू या.