मडकं मागे राहतं

(या भागाचं लिखित रूप. बोलताना सुटलेल्या एक-दोन गोष्टी इथे भरल्या आहेत.)

गेले काही भाग आपण किल्ल्यांवर आणि लढायांवर बोललो. आजचा भाग जेवणाचा आहे. पण काळजी करू नका, फिरून इतिहासातच येणार आहोत.

दिवाळी झाल्यावर आम्ही घरचे आठ जण अंबाजोगाईच्या रस्त्यावर एका हॉटेलात जेवायला गेलो. आमचं गाव केज तालुक्यातलं. हॉटेल तसं साधंच, पण सातनंतर गेलात तर जागा मिळत नाही. कारण एकच, तिथं मटण मडक्यात शिजतं. दारातच चुलींची रांग, त्यावर काळीभोर मडकी आणि झाकणाच्या कडेला कणीक लावून बंद केलेली तोंडं. बहिणीच्या सात वर्षांच्या पोराला मेनूच्या शेवटच्या पानावर 'मटका चायनीज राईस' दिसला आणि त्यानं तोच धरला.

आमचं मडकं टेबलावर आलं. सगळ्यांनी मोबाईल काढले. आजीनं मात्र बोटाच्या पेरानं मडक्यावर टकटक केलं, कान दिला आणि म्हणाली, "पक्कं भाजलंय." मी म्हणालो, "आजी, तू पण मडक्यातच करायचीस ना कालवण?" तर म्हणाली, "कुठलं रे लेकरा. माझं सगळं जर्मनचं. मडकं गाडीत टिकतं व्हय? पहिल्या खड्ड्यात फुटतं."

जर्मन म्हणजे ॲल्युमिनियम, हे आपल्याकडच्या लोकांना सांगायला नको. आणि गाडी म्हणजे ऊसतोडीची गाडी. आजी-आजोबांनी एकोणीस हंगाम ऊस तोडला. हे मला माहीत होतं. पण त्या एकोणीस हंगामांत आमच्या घरातून मडकं गेलं, हे मला त्या टेबलावर पहिल्यांदा कळलं. तिथून हा भाग सुचला.

आता आधी त्या चायनीज राईसचं बघू. पोराच्या पुढ्यात आलेला भात हा आपल्याकडच्या गाड्यावरचाच, लाल-लाल. पण मडक्यातला भात ही चीनमध्ये खरोखर जुनी गोष्ट आहे. दक्षिणेत, ग्वांगडोंग आणि हाँगकाँगकडे, छोट्या मातीच्या भांड्यात तांदूळ शिजवतात, वर मांस ठेवतात आणि तळाला लागलेली खरवड आवडीनं खातात. या भांड्याचं एक चिनी नाव 'शाग्वो', म्हणजे वाळूचं भांडं. मातीत वाळू मिसळली की भांडं आच सोसतं, चटकन तडकत नाही. आपले कुंभारदादाही मातीत राख, लीद, वाळू घालतात, ते काही उगाच नाही. जिआंगशी प्रांतातल्या शिआनरेनडोंग गुहेत सापडलेली खापरं सुमारे 20,000 वर्षांपूर्वीची आहेत, असं 2012 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात मांडलं गेलं. काही खापरांवर जळाल्याच्या खुणाही आहेत. शेती यायच्या कितीतरी आधी माणूस तिथं मडकं चुलीवर ठेवत होता.

आपल्याकडे या. पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजनं 1968 ते 1983 अशी जवळपास पंधरा वर्षं तिथं उत्खनन केलं. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी ही मोठी नावं त्या कामात होती. तिथं सापडलेल्या एका संस्कृतीला 'जोर्वे' म्हणतात, संगमनेर तालुक्यातल्या जोर्वे गावावरून. इसवी सनापूर्वी 1400 च्या आसपास इथले लोक चौकोनी घरांत राहत, सातू पिकवत आणि लाल रंगावर काळी नक्षी काढलेली सुंदर भांडी वापरत. लहान मूल गेलं तर दोन मडक्यांची तोंडं जुळवून त्यात ठेवत आणि घराच्या जमिनीखालीच पुरत. घर सोडून जाणार नाही याची खात्री असलेली माणसंच असं करतील, असं मला वाटतं.

मग इसवी सनापूर्वी 1000 नंतर चित्र पालटतं. ढवळीकरांचं म्हणणं असं की हवामान कोरडं होत गेलं, पाऊस घटला, शेती मागे पडली. चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या आल्या, भांडी ओबडधोबड झाली, लोक अर्धं वर्ष फिरस्तीवर गेले. आणि 700 च्या सुमाराला वस्ती उठली.

हे मी कॉलेजात असताना वाचलं होतं, तेव्हा नुसती माहिती म्हणून वाचलं. आजीचं वाक्य ऐकल्यावर ते परत उघडलं. दुष्काळ, गोल झोपडी, अर्धं वर्ष बाहेर. अहो, हे तर आमचंच चाललंय.

1972 च्या दुष्काळानं बीड जिल्ह्यातल्या कोरडवाहू घरांना मुळापासून हलवलं. पश्चिम महाराष्ट्रात साखर कारखाने उभे होते, त्यांना हात पाहिजे होते. मुकादमाकडून उचल घ्यायची, दिवाळी झाली की निघायचं आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परतायचं. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक 'कोयता'. माणसांची मोजणी हत्याराच्या नावानं. फडाजवळ पाचटाची, चटईची कोपी उभी करायची, तीन दगडांची चूल मांडायची. सामान किती, तर गाडीत मावेल आणि आदळलं तरी चालेल इतकं. ॲल्युमिनियमचं पातेलं पोचलं तर ठोकून सरळ होतं. मडक्याला दुसरी संधी नाही.

आता एक गोष्ट, जी आमच्या भागातल्या ऐकणाऱ्यांना लगेच कळेल. येळवस, म्हणजे मार्गशीर्ष अमावस्या. लातूर, धाराशिव आणि बीडच्या आमच्या पट्ट्यात हा वर्षातला मोठा सण. कर्नाटकात याच दिवशी एळ्ळ अमावस्या असते, एळ्ळु म्हणजे तीळ. सण तिकडून आला असं सांगतात. शेतात कडब्याची कोप करायची, आत पांडव मांडायचे, भज्जी, भाकरी, खीर न्यायची आणि मातीच्या बिंदगीत आंबील. बिंदगी हा शब्दही कन्नड 'बिंदिगे'चा भाऊ. ही आंबील स्टीलच्या डब्यात न्यायची कल्पनाच आमच्याकडे कुणाला पटत नाही.

पण येळवस पडते डिसेंबर-जानेवारीत. ऊसतोड ऐन भरात असते. म्हणजे गावात कडब्याची कोप पूजेसाठी उभी राहते, तेव्हा आमची माणसं दीडशे-दोनशे किलोमीटर लांब दुसऱ्या कोपीत झोपलेली.

मी हे सगळं तिथंच जेवता जेवता बोलत होतो. पप्पा गप्प होते. मग भाकरी मोडता मोडता म्हणाले, "मी येळवस मामाच्या शेतात केली. दरवर्षी. मामी बिंदगी डोक्यावर घेऊन पुढं चालायची, अन् मी मागं." एवढंच बोलले. पप्पांना शाळेसाठी मामाकडे ठेवलं होतं. ते शिकले, म्हणून मी बीटेक झालो आणि पुण्यात एसीत बसून कोड लिहितो. आजीनं त्यांच्याकडे बघितलं नाही. पोराच्या ताटातला चायनीज राईस उगाच कालवत राहिली.

निघताना तिनं वेटरला विचारलं, "हे रिकामं मडकं देता का, दादा?" त्यानं दिलं. घरी येऊन तिनं ते राखेनं घासलं, पालथं घातलं. मी म्हणालो, "चला, येळवशीची सोय झाली." तर माझ्यावर डाफरली, "याच्यात मटण शिजलंय. आंबील चालती व्हय याच्यात? नवी बिंदगी आण."

दुसऱ्या दिवशी बाजारात कुंभारमामांकडे गेलो. मी पहिलीच उचलली, तर त्यांनी ती काढून घेतली, दुसरी दोन वाजवून बघितली आणि तिसरी दिली. तेरच्या गोरोबाकाकांनी संतांची डोकी थापटण्यानं वाजवून कच्चं मडकं कोणतं ते सांगितलं, ती कथा आपण लहानपणापासून ऐकतो. तेर आमच्याकडून लांब नाही.

बिंदगी आता पाण्यात भिजत ठेवलीय. ऑफिसात येळवशीची रजा टाकलीय. कारणाच्या रकान्यात काय लिहायचं कळेना, शेवटी 'घरगुती' लिहिलं.

तुमच्या घरातून मडकं कधी गेलं, कशामुळे गेलं, हे घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला एकदा विचारा आणि आम्हाला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात. राम राम.