वितंडवाद

हट्टाने घातलेल्या निरर्थक हुज्जतीला मराठीत 'वितंडवाद' म्हणतात. त्यातील 'वितंडा' शब्दाची व्युत्पत्ती आघात करणे या अर्थाच्या संस्कृत धातूला 'वि' उपसर्ग लावून सांगितली जाते. न्यायशास्त्राचा, म्हणजे प्राचीन भारतीय तर्कशास्त्राचा, ग्रंथ असलेल्या गौतमाच्या न्यायसूत्रांनुसार, सत्य जाणण्यासाठी प्रमाण, म्हणजे ज्ञानाचे साधन, आणि तर्क यांच्या आधारे दोन्ही पक्ष आपले म्हणणे मांडतात तो 'वाद'. छल, म्हणजे समोरच्याच्या शब्दाचा मुद्दाम भलता अर्थ घेणे, अशा क्लृप्त्याही जिंकण्यासाठी ज्यात वापरल्या जातात तो 'जल्प'. आणि स्वतःचा पक्ष न मांडता केवळ परपक्षाचे खंडन केले जाते ती 'वितंडा'. वितंडेचे लक्षण आवाज चढवणे हे नसून स्वपक्षाचा अभाव हे आहे, आणि हा मोलाचा बारकावा रूढ वापरात पुसला गेला, ही मोठीच हानी होय. न्यायशास्त्राच्या परिभाषेत तर वितंडा हा वाद नव्हेच.