इतिहासाच्या वड्या

शाळेत आम्हांला जो इतिहास शिकवला, त्यात खाण्याचा भाग फारच थोडा होता. त्या इतिहासातली माणसे एक तर मार खात, नाहीतर हाय खात. बाकी काही खाल्ल्याची नोंद नसे. त्यामुळे नारळाच्या वडीला इतिहास आहे असे कुणी म्हटले, तर आमचे मास्तर म्हणाले असते, “बस खाली. वडी म्हणजे काय अफझलखानाचा वध आहे?”

पण वडीला इतिहास आहे, आणि तो चांगला दोन हजार वर्षांचा आहे. वडी म्हणजे घरची वडी बरं का. हलवायाच्या काचेच्या कपाटात चांदीचा वर्ख लेऊन बसते, ती बर्फी. ती थोरामोठ्यांची सून. आमची वडी म्हणजे हळदीकुंकू, बारसे, डोहाळजेवण, कुणाचा मुलगा मॅट्रिक झाला, कुणाची मुलगी सासरी निघाली, अशा प्रसंगी हजर राहणारी घरातली मावशी. पेढ्याचा पुडा नेणे परवडत नसे आणि रिकाम्या हाताने जाणे त्याहून परवडत नसे. या दोन न परवडण्यांच्या मधल्या फटीत वडीचा जन्म झाला आहे.

आता सुरुवातीपासून सांगायचे, तर वडीचे मूळ साखरेत आणि साखरेचे मूळ आपल्याकडेच. कौटिल्याने अर्थशास्त्रात फाणित म्हणजे काकवी, गुड, मत्स्यंडिका, खंड आणि शर्करा अशी रीतसर यादी दिली आहे. राज्य चालवण्याच्या ग्रंथात काकवीला जागा देणारा हा गृहस्थ संसारी असावा, असे मला नेहमी वाटते. पुढे इ. स. ६४७ मध्ये चीनच्या ताइत्सुंग बादशहाने ऊस शिजवून साखर करण्याची विद्या शिकून यायला मगधात माणसे पाठवली. म्हणजे शिकवणी आपण घेतली. आणि उत्तर हिंदुस्थानात पांढऱ्या साखरेला नाव काय पडले? चिनी! मास्तरांचे नाव जाऊन विद्यार्थ्याचे नाव लागल्याचे इतके गोड उदाहरण दुसरे नसेल.

महाराष्ट्रात जुनी माणसे साखरेला ‘मोरस’ म्हणत. हा शब्द लहानपणी ऐकला, तेव्हा तो मोरांशी संबंधित असेल असे वाटे. ती मॉरिशसची साखर, बोटीतून येणारी. तिच्यावर १९०५ च्या स्वदेशी चळवळीत बहिष्कार पडला. ही परदेशी साखर हाडांच्या कोळशाने स्वच्छ करतात हे कळल्यावर तर सोवळ्यातल्या स्वयंपाकघरांना चळवळीत सामील होण्यासाठी भाषण ऐकायची गरजच उरली नाही. पुढे जावाची साखर येऊ लागली. मग १९३२ साली सरकारने परदेशी साखरेवर जबर जकात बसवून देशी कारखान्यांना संरक्षण दिले आणि कारखाने भराभर उभे राहिले. १९५०-५१ च्या हंगामात विठ्ठलराव विखे-पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरानगरला शेतकऱ्यांचा सहकारी कारखाना सुरू केला. मग काय, जिकडे तिकडे धुराडी! महाराष्ट्र साखरेचे माहेर झाला.

आणि या माहेरात आम्ही पिशवी घेऊन रेशनच्या रांगेत उभे होतो.

रेशन मुंबईत आले १९४३ साली, महायुद्धाबरोबर. महायुद्ध दोन वर्षांत संपले, रेशनने मात्र मुक्काम हलवला नाही. साखरेचे नियंत्रण १९४७ च्या अखेरीस उठले, १९४९ मध्ये परत आले. १९७८ च्या ऑगस्टमध्ये उठले, १९७९ च्या डिसेंबरात परत आले. सासरी-माहेरी इतक्या फेऱ्या नवी नवरीसुद्धा करत नाही. नियंत्रणाच्या दिवसांत हिशेब असा, की दरडोई महिन्याला ४२५ ग्रॅम. पाच माणसांच्या घराला सव्वादोन किलोलाही थोडी कमीच. यात दोन वेळचा चहा, आलागेला, आणि आजारी माणसाची साबुदाण्याची खीर. यातून वडीला अर्धा किलो काढायची कुठून?

ती काढली जाई चहातून. सण पंधरा दिवसांवर आला की आमच्या घरच्या चहाची गोडी हळूहळू उतरायची. वडील कप खाली ठेवून म्हणत, “अगं, चहा अगोड झालाय आज.” आई शांतपणे म्हणे, “गणपती जवळ आलेत.” या दोन वाक्यांचा एकमेकांशी संबंध काय, हे परक्या माणसाला कळणार नाही. वडिलांना कळे. ते निमूटपणे चहा पीत. देशाच्या पंचवार्षिक योजना ज्या कामासाठी होत्या, ते काम आमची आई अर्ध्या चमच्याच्या बचतीवर पंधरा दिवसांत उरकत असे.

वड्यांचे प्रकार पाहिले तरी हेच दिसते. प्रत्येक वडी म्हणजे एक टंचाई आहे. नारळ महागला की त्यात उकडलेला बटाटा किसून घालायचा. पोर्तुगीजांनी आपल्याकडे बटाटा आणला, तो शब्दासकट आणला. त्यांना वसई राखता आली नाही, पण आमच्या वडीत मात्र त्यांचा बटाटा कायमचा वस्तीला राहिला. साखर नसेल तर गूळ-शेंगदाण्याची चिक्की. खवा परवडत नाही? आठ दिवसांची साय आहे की. सात कपांची वडी मात्र ऐश्वर्याची: बेसन, खोबरे, दूध, तूप एकेक कप आणि साखर तीन. पाककृती अगदी सोपी; अवघड असते ती शेवटच्या आकड्याची तजवीज.

बाकी वडी सोपी म्हणतात ती सांगण्यापुरती. पाकातले पाणी उडत जाते तसतसे त्याचे उकळण्याचे तापमान चढत जाते. एकतारी पाक साधारण १०५ अंशांवर होतो, गोळीबंद ११२ ते ११६ वर. म्हणजे दहा-अकरा अंशांत सगळा खेळ. अलीकडे राहिलात तर वडीचा शिरा होतो, पलीकडे गेलात तर दगड. पाश्चात्त्य देशांत यासाठी थर्मामीटर मिळतो. आमच्याकडे आजीचा अंगठा आणि तर्जनी होती. ती पाकाचा थेंब बोटांत धरून तार ओढी आणि “उतरवा” म्हणे. त्या बोटांना अंश ठाऊक नव्हते, पण वडी पडायची.

ही बोटांची विद्या कागदावर उतरायला वेळ लागला. मराठीतले पहिले छापील पाकपुस्तक म्हणून मानले जाते ते ‘सूपशास्त्र’ १८७५ चे, आणि लिहिणारे कोण, तर रामचंद्र सखाराम गुप्ते! बायकांच्या आधी पुरुष पुढे सरसावल्याचे स्वयंपाकघरातले हे दुर्मिळ उदाहरण. मग १९१० मध्ये लक्ष्मीबाई धुरंधरांनी ‘गृहिणी-मित्र’मध्ये हजार पाकक्रिया दिल्या. १९७० साली कमलाबाई ओगल्यांचे ‘रुचिरा’ आले आणि वाटी-चमच्याच्या मापाने हजारो नव्या नवऱ्या मुलींचे संसार मार्गी लागले. सरकारने शेर-छटाक काढून किलो-ग्रॅम आणले, पण वाटीला हात लावायची छाती कुठल्याही सरकारची झाली नाही.

या वड्यांची एक बँकही होती. शेजारून डबा आला तर तो रिकामा परत द्यायचा नाही, हा तिचा एकमेव नियम. घरात काहीच नसेल तर निदान चिमूटभर साखर घालून डबा जायचा, आणि पलीकडची बाई ती चिमूट पाहून सगळे समजायची. तोंडाने कुणी काही बोलत नसे. महिन्याच्या पंचवीस तारखेला कुणाच्या घरी काय शिल्लक आहे, याची इतकी गुप्त आणि इतकी अचूक नोंद रिझर्व्ह बँकेकडेही नसेल.

आता साखर उदंड आहे. कारखान्यांवरची लेव्हीची सक्तीही २०१३ साली गेली. आता चहा अगोड असतो तो डॉक्टरांमुळे, गणपतीमुळे नव्हे. साखरेचा इतिहास लिहिणारे धुराडी मोजतात, टन मोजतात, कायदे मोजतात. मोजावेच. पण अर्धा चमचा मोजणारी बाई त्यात कुठेच सापडत नाही.

कारण तिची जागा ताटातच ठरलेली असे. तूप लावलेल्या ताटात मिश्रण थापायचे, गरम असतानाच सुरीने वड्या पाडायच्या. मधल्या चौकोनी, सुबक वड्या पाहुण्यांना. कडेचे वेडेवाकडे तुकडे आम्हां मुलांना. आणि कढईला चिकटलेली खरवड, ती सगळे आवरून झाल्यावर, आईला.