रेल्वे कर्मचारी व न्यायिक पुनर्विलोकन

रेल्वे प्रशासनाने कर्मचाऱ्यांच्या सेवेसंबंधी घेतलेल्या निर्णयांची वैधता तपासण्याचा न्यायालयांचा अधिकार. न्यायालय सामान्यतः प्रशासनाच्या जागी स्वतःचा निर्णय देत नाही. अधिकाराची मर्यादा, विहित कार्यपद्धती आणि नैसर्गिक न्यायाची तत्त्वे पाळली गेली किंवा नाही, हे ते पाहते.

भारतीय संविधानाच्या ३११ व्या अनुच्छेदानुसार शासकीय सेवकास आरोप कळवून व बचावाची वाजवी संधी देऊनच बडतर्फ करता येते. रेल्वे सेवासंहितेच्या १४८(३) व १४९(३) या नियमांन्वये मात्र कायम कर्मचाऱ्यासही केवळ नोटीस देऊन कमी करता येत असे. मोती राम डेका खटल्यात (१९६३) सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताने हे नियम अवैध ठरविले. बहुमताचे मुख्य निकालपत्र प्र. बा. गजेंद्रगडकर यांचे होते. कायम कर्मचाऱ्याची अशी सेवासमाप्ती ही वस्तुतः पदच्युतीच होय, असे त्यात प्रतिपादिले आहे.

चौकशी करणे व्यवहार्य नसल्यास ती वगळण्याची मुभा ३११ व्या अनुच्छेदाच्या परंतुकात आहे. रेल्वेच्या १९६८ च्या शिस्त व अपील नियमांतही तशीच तरतूद असून संपकऱ्यांविरुद्ध तिचा वापर झाला. तुलसीराम पटेल खटल्यात (१९८५) सर्वोच्च न्यायालयाने ही मुभा मान्य केली. तथापि चौकशी वगळण्याची कारणे लेखी नोंदविणे आवश्यक असून ती सुसंगत आहेत किंवा नाहीत हे न्यायालयास तपासता येते, असेही स्पष्ट केले. १९८१ च्या इंजिन कर्मचाऱ्यांच्या संपात चौकशीविना बडतर्फ झालेल्यांना पुन्हा सेवेत घेण्याचा आदेश त्या न्यायालयाने १९९३ मध्ये दिला.

१९८५ च्या अधिनियमान्वये स्थापन झालेल्या केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे रेल्वे कर्मचाऱ्यांचे सेवाविषयक वाद सोपविण्यात आले. एल्. चंद्रकुमार खटल्यातील निर्णयानुसार (१९९७) न्यायाधिकरणाचे निर्णय उच्च न्यायालयाच्या खंडपीठाच्या पुनर्विलोकनास पात्र असतात. गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्लीसारख्या वनप्रदेशातून किंवा चंद्रपूर जिल्ह्यातील बल्लारशाहसारख्या रेल्वेस्थानकावरून दाद मागणाऱ्या कर्मचाऱ्यास त्यासाठी नागपूर वा मुंबई गाठावी लागते.

या निर्णयांमुळे प्रशासनाच्या स्वेच्छाधिकारास कारणांचे बंधन पडले. परंतु १९८१ च्या बडतर्फांना बारा वर्षे वाट पाहावी लागली, यावरून हक्क मिळणे आणि तो वेळेवर मिळणे यांतील अंतरही दिसून येते.