कुळथाचं झणझणीत कळण: दूध-तुपाशिवाय घरच्या घरी सूप

पावसाळी संध्याकाळी काहीतरी गरम, तिखट प्यावंसं वाटतं. त्यासाठी सूपचं पाकीट आणायची गरज नाही. कोकण-गोव्यापासून बेळगावपर्यंतच्या स्वयंपाकघरांत कुळीथ शिजवून त्याच्या पाण्याचं कळण किंवा सार करण्याची जुनी रीत आहे. फोडणी तुपाऐवजी तेलाची दिली आणि ताक वगळलं की हेच कळण पूर्ण व्हीगन होतं.

दुकानात काय मागायचं?

गाव बदललं की कुळथाचं नाव बदलतं. बेळगाव-धारवाडकडे कन्नडमध्ये त्याला हुरळी म्हणतात, हैदराबादेत तेलुगूत उलवलु, बडोद्यात कळथी आणि इंदूर-ग्वाल्हेरकडे कुलथी. हुरळीच्या निथळलेल्या पाण्याला कन्नडमध्ये 'कट्टु' म्हणतात. पुरणाच्या डाळीचा आपला 'कट' आठवला की साम्य लगेच जाणवतं. तेलुगू घरांतला उलवचारुही याच कुळथाचा, फक्त बराच आटवून दाट केलेला.

साहित्य (चौघांसाठी)

- कुळीथ 100 ग्रॅम
- पाणी सव्वा लिटर
- लसूण 8 ते 10 पाकळ्या, ठेचून
- सुक्या लाल मिरच्या 3 ते 4
- आमसुलं 4 ते 5
- तेल 2 चमचे, जिरे 1 चमचा, हिंग, कढीपत्ता
- हळद पाव चमचा, गूळ सुपारीएवढा, मीठ, कोथिंबीर

मिरची निवडताना एवढं लक्षात ठेवा: ब्याडगी रंग देते, पण तिखट कमी असते. झणका हवा तर दोन ब्याडगी आणि एक-दोन संकेश्वरी घ्या.

कृती

1. कुळथात बारीक खडे असतात आणि त्यांचा रंगही कुळथासारखाच. म्हणून ताटात पसरून नीट निवडा. दोन-तीन पाण्यांनी धुऊन रात्रभर भिजत घाला.
2. सकाळी भिजवणीचं पाणी टाकून द्या. पाच लिटरच्या कुकरमध्ये कुळीथ, हळद आणि मोजलेलं पाणी घाला. कुकर अर्ध्याच्या वर भरू नका. कडधान्याचा फेस शिट्टीत अडकू शकतो.
3. सहा-सात शिट्ट्या झाल्या की गॅस बारीक करून 15 मिनिटं ठेवा. वाफ आपोआप जाऊ द्या. दाणा बोटांनी सहज चेपला पाहिजे.
4. पाणी गाळून घ्या. दोन मोठे चमचे शिजलेले कुळीथ मिक्सरमध्ये बारीक वाटून या पाण्यात मिसळा. दाटपणा यानेच येतो, मैदा-कॉर्नफ्लोअर नको.
5. तेल तापलं की जिरे, हिंग, लसूण, मिरच्यांचे तुकडे आणि शेवटी कढीपत्ता घाला. लसूण तांबूस झाली की लगेच कळण ओता. करपली तर सगळं कडवट लागतं.
6. गूळ, मीठ, आमसुलं घालून मंद आचेवर पाच-सात मिनिटं उकळा. आंबटपणा बेताचा झाला की आमसुलं काढून टाका. वरून कोथिंबीर.

आमसुलं मिळाली नाहीत तर थोडा चिंचेचा कोळ चालतो. मऊ चव आवडत असेल तर अर्धी वाटी नारळाचं दूध घाला, पण गॅस बंद केल्यावरच. आंबटात उकळलं तर ते फुटतं.

उरलेल्या कुळथाचं काय?

फेकू नका. 100 ग्रॅम कोरड्या कुळथात साधारण 22 ग्रॅम प्रथिनं असतात आणि त्यातली बरीचशी दाण्यातच राहतात. नुसतं पाणी पिऊन जेवण झालं असं समजलं, तर दूध-दही न खाणाऱ्याच्या ताटात तेवढीच तूट पडते. कांदा-खोबरं घालून उसळ करा आणि कळणासोबत भाकरी, भात खा.

मुतखड्यावर कुळथाचं पाणी द्यायचं घरोघरी सांगतात. आवडीने जरूर प्या, पण दुखणं असेल तर त्याच्या भरवशावर डॉक्टरांकडे जाणं लांबवू नका.

कळण गरम असतानाच वाढा. थंड झालं की दाट होतं. तेव्हा थोडं गरम पाणी घालून पुन्हा एक उकळी काढली की झालं.